वेंडलभाऊंचा ठेका

शारजातल्या आमच्या घरी श्रीखंडासाठी चक्का कधी टांगला गेला नाही. खालच्या बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या केरळी दुकानात, लबने मिळायचं. अरबांचं आयतं घट्ट दही ते. आई त्यात साखर घालून पुरणयंत्रातून काढायची आणि वर वेलची टाकून पाहुण्यांपुढे ठेवायची. चिपळूणहून कुणी आलं आणि विचारलं, वहिनी, चक्का कुठला हो, की आई गंभीर चेहऱ्यानं सांगायची, "लेबनॉनचा." आमचं सगळं घरच असं चालायचं. पिठल्याबरोबर खुबूस म्हणजे अरबी रोटी, सुरमईच्या कालवणात ओमानी नारळ, आणि देवघर कुठं तर बाहेरच्या खोलीतल्या कपाटात, टीव्हीच्या वरच्या कप्प्यात. तीन खिडक्यांना तीन एसी होते आणि तिघांचा आवाज वेगळा. माझ्या खोलीतला खोकायचा, बाहेरचा घरघरायचा, आणि आईबाबांचा मध्येच गप्प होऊन पुन्हा दचकून सुरू व्हायचा. आज इतक्या वर्षांनी, पंख्याखाली झोपतानाही, रात्री मला मधूनच तो खोकणारा एसी हवा असतो. मुलगी म्हणते, आई, तुझं काहीतरीच असतं. असू दे.

बाबा इंडस्ट्रियल एरियात अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होते. संध्याकाळी घरी आले की शर्टातून चकचकीत भुकटी पडायची आणि आई त्यांना दारातच झटकायची. धाकटा अमेय आठवीत होता, त्याला मराठीत काही विचारलं की उत्तर इंग्रजीत यायचं. आणि मी, नंदा, बारावी पास होऊन घरी बसलेली. माझ्या वर्गातले मुलगे कॉलेजसाठी पुण्या-मुंबईला गेले, कारण अठरा झाले की मुलग्यांना बापाच्या व्हिसावर राहता येत नसे. मुलीला येत असे, लग्न होईपर्यंत. त्यामुळे आम्हा मुलींना पाठवायची घाई कुणालाच नव्हती. सकाळी कंप्युटरचा क्लास, दुपारी भाजी निवडणं, आणि माझा एक फोटो चिपळूणला मावशीच्या कपाटात, स्थळ आलं की दाखवायला. त्या काळात मला एकच गोष्ट धड येत होती, ती म्हणजे ढोलकी. माझा मामा गावात जाखडीच्या नाचाला मृदंग वाजवायचा, त्यानं मे महिन्याच्या सुट्ट्यांत मला शिकवलं होतं. मुलीची जात आणि चामडं बडवते, असं आजी म्हणायची, पण आईला माझा उपयोग होता. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे बायकांचं भजन असे आणि ढोलकीला मी असे.

भजन म्हणजे सात-आठ जणी, सगळ्या आसपासच्या बिल्डिंगींतल्या. खिडक्या बंद, एसी चालू, दाराच्या फटीत टॉवेल. घरात काय करता याची कुणी चौकशी करत नसे, पण परका देश तो परका देश, आवाज बाहेर जायला नको ही भीती सगळ्यांच्या मनात. पहिली दोन भजनं त्या भीतीत जायची. मग आई लय चढवायची. आईच्या भजनाचा तो शिरस्ताच होता, सुरुवात संथ, मग हळूहळू चढत चढत शेवटी अशी धाव की टाळ हातात मावू नयेत. मला तेच आवडायचं. मी तर आईच्या आधीच पळायला लागायचे, आणि ती डोळे वटारून माझ्याकडे बघायची.

अशाच एका गुरुवारी ऐन रंगात दारावरची बेल वाजली. सगळ्या जागच्या जागी गार. कुलकर्णीकाकूंनी टाळ पदराखाली घेतले. "सीआयडी असेल," त्या कुजबुजल्या. बाबांनी दार उघडलं, तर बाहेर एक गोरा म्हातारा. म्हातारा म्हणजे पंचावन्नच्या पुढचा, उंच, वाकलेला, पांढऱ्या मिशा, पायात उंच टाचांचे चामडी बूट. आमच्या वरच्या मजल्यावर दुबईतल्या एका हॉटेलनं आपल्या वादकांसाठी फ्लॅट घेतले होते, तिथला असणार हे बाबांच्या लक्षात आलं. "सॉरी सर, वी विल स्टॉप," बाबा म्हणाले. तो म्हणाला, थांबू नका. ते जे वाजतंय ते कोण वाजवतंय, एवढंच विचारायला आलो. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं, आता मला धरून नेतात.

तो बूट काढून दाराशीच खाली बसला. आईनं न राहवून विचारलं, "अंदर बैठेगा? बैठो, बैठो. चाय पिओगे?" आणि भजन पुढं सुरू झालं. चहाचा कप बाजूला ठेवून तो माणूस उजव्या हाताची दोन बोटं गुडघ्यावर टेकवत राहिला. भजन संपल्यावर त्यानं मला परत तेच वाजवायला सांगितलं, हळू. धिं ना धिं, धिं ना. आमचा 'ना' जिथं पडतो तिथं त्यानं माझ्या ढोलकीच्या कडेवर नखानं टिचकी मारली. मग म्हणाला, आयुष्यभर मी नेमक्या याच जागी ड्रमवर काठी मारून पोट भरलंय. तुमचं गाणं मला कळत नाही, पण ही जागा माझ्या घरची आहे. मी हे आईला मराठीत सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्यांना जेवूनच जाऊ दे."

त्यांचं नाव वेंडल. आम्ही मुलं अंकल म्हणायचो, आई वेंडलभाऊ. पुढं पुढं सगळ्या बायकाच वेंडलभाऊ म्हणू लागल्या आणि त्यांनाही ते आपलं आडनाव वाटायला लागलं असावं. दर गुरुवारी ते खाली येऊ लागले. हॉटेलात त्यांचा बँड होता, अमेरिकन खेड्यातली गाणी म्हणणारा, तेलाच्या कंपन्यांतल्या टेक्सासवाल्या इंजिनिअरांसाठी ठेवलेला. गंमत अशी की त्या बँडमध्ये अमेरिकन हे एकटेच. गाणारी लिंडा, गिटारवर तिचा नवरा बेनी, बेसवर रिको, तिघंही मनिलाचे. डोक्यावर हॅट घालून लिंडा असं काही गायची की टेक्सासवाल्यांना घर आठवून रडू यायचं, असं वेंडल अंकल सांगायचे.

स्वतःबद्दल मात्र ते कमी बोलायचे, आणि जे बोलायचे ते जेवताना, मध्येच. गव्हाच्या शेतांच्या प्रदेशात ते वाढले. तरुणपणी गिटारवर लोकगीतं गाणाऱ्या मंडळींबरोबर फिरले, आणि त्या मंडळींना ड्रम म्हणजे अभद्र वाटायचा. एका सभागृहात तर यांना पडद्यामागे बसवून वाजवायला लावलं होतं, कारण देशी गाण्यात ड्रम दिसला तर प्रेक्षक चिडतील. "म्हणजे आमच्यासारखंच," आई म्हणाली, "दाराला टॉवेल लावून." मग केस वाढवलेल्या पोरांचा एक बँड निघाला, लोकगीतं आणि रॉक एकत्र करणारा. त्यात हे पाच वर्षं होते. दोन रेकॉर्ड निघाल्या, बऱ्या चालल्या. तिसऱ्या रेकॉर्डच्या वेळी काहीतरी घडलं. ते आम्हाला पुष्कळ दिवसांनी कळलं, तेही आईनं सरळ विचारलं म्हणून. "तुम इधर कैसे आया, भाऊ?" आमच्यात आडून विचारायची पद्धत नाही.

त्यांनी पानातला भात कालवता कालवता सांगितलं. गाणारा मुलगा हुशार होता, पण ध्रुवपद आलं की त्याला चेव यायचा आणि तो पळायचा. ते पळायचे नाहीत. ड्रमरचं काम लय धरून ठेवणं, ते ती धरून बसायचे, आणि गाणं मध्येच ओढाताणीत सापडायचं. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी स्टुडिओत गेले तर त्यांच्या जागी दुसरा पोरगा बसलेला. ती रेकॉर्ड मग गावोगावच्या पेट्रोल पंपांवर वाजली. नंतर मिळेल तिथं काम, मग जहाजं, मग सिंगापूर, बहरीन, दुबई. "त्याला घाई होती, मला नव्हती," ते म्हणाले. त्यात कडवटपणा नव्हता, निदान मला तरी ऐकू आला नाही.

मी भाषांतर केलं. आईनं आमटी वाढता वाढता जरा विचार केला. "मग पळायचं ना थोडं त्याच्याबरोबर," ती म्हणाली. "माणूस आहे, उत्साह येतो."

ते मोठ्यानं हसले. म्हणाले, तेव्हा मला वाटायचं ते माझं काम नाही.

मला त्यांनी शिकवायला सुरुवात केली ती रमजानात. त्या महिन्यात हॉटेलांमधलं वाजवणं-गाणं बंद असे, त्यामुळे सगळ्या वादकांना सुट्टी. मोठा आवाज करायचा नाही म्हणून शिकवणी उशीवर. आईच्या दोन उशा, दोन काठ्या, आणि समोर भिंतीवरचं घड्याळ. सेकंदकाट्याबरोबर वाजवायचं, पुढं जायचं नाही, मागं राहायचं नाही. बाई गं, काय तो छळ. माझा हात दहाव्या सेकंदाला पळायला लागायचा. "नॅन," नंदाचं नॅन करून ते म्हणायचे, "व्हेअर आर यू गोइंग?" कुठं निघालीस? मी चिडून काठ्या टाकायचे. ते काठ्या उचलून परत माझ्या हातात द्यायचे. मी आजही चिडकीच आहे, पण भाजी चिरताना माझा हात एका लयीत पडतो, ते त्या उशांचं देणं.

त्याच महिन्यात आईला त्यांचा हात दिसला. चहाचा कप उचलताना ते उजव्या मनगटाला डाव्या हाताचा आधार देत होते. आईनं मनगट दाबून बघितलं तर ते कळवळले. वर्षानुवर्षांचं वाजवणं मनगटात उतरलं होतं. डॉक्टर म्हणाला होता, विश्रांती घ्या. विश्रांती घेऊन खाणार काय, हे डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. आणि खरी गोष्ट त्या दिवशी बाहेर आली. हॉटेलात नवा मॅनेजर आला होता, तिशीतला, हिशेबी पण सभ्य. त्यानं बँडसाठी एक काळी पेटी आणली होती, बटण दाबलं की ड्रम वाजवणारी. इतर हॉटेलांनी केव्हाच घेतली होती. त्याचं म्हणणं सरळ होतं, ईदनंतरच्या पहिल्या शुक्रवारी दुपारच्या जेवणाला मी बँड ऐकतो आणि ड्रमर ठेवायचा की पेटी, ते ठरवतो. काम गेलं की व्हिसा गेला, व्हिसा गेला की महिनाभरात देश सोडायचा. मायदेशी त्यांची एक बहीण तेवढी होती, तिच्या घराच्या तळघरात एक खाट. ते म्हणाले, बहीण चांगली आहे. मग म्हणाले, पण मला अजून वाजवायचं आहे. मोठ्या माणसानं इतकं सरळ काही मागितलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

मग काय, आईनं पदर खोचला. रोज दुपारी जाड मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून मनगट शेकायचं, चिपळूणहून आलेलं निर्गुडीचं तेल चोळायचं, वर जुन्या सुती साडीची पट्टी. वेंडलभाऊ मुकाट्यानं हात पुढं करून बसायचे. बाबा घरी आले की आधी विचारायचे, "हात कसा आहे?" आणि मग बूट काढायचे. महिनाअखेरीला सूज उतरली. पूर्ण बरं नव्हतं, पण काठी धरता येत होती.

तेवढ्यावर आईचं समाधान होईना. एका गुरुवारी भजनानंतर तिनं विषय काढला. "मॅनेजरनं नुसतं ऐकून काय कळणार? हॉल भरलेला दिसला पाहिजे. आपण सगळ्यांनी जायचं." कुलकर्णीकाकू म्हणाल्या, तिथं दारू असते. आई म्हणाली, "आपण पाणी पिऊ." आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी पेठेकाका, गणपतीत तीनशे माणसांचं जेवण उठवणारा माणूस, त्यांना फोन गेला. माणशी पंचेचाळीस दिरहम, म्हणजे चारशेच्या वर रुपये, यावर काकांनी अर्धा तास हळहळ केली, आणि मग तीस माणसं जमवली. आपल्या माणसाच्या कार्यक्रमाला आपण जायचं, पुढच्या खुर्च्या भरायच्या, टाळ्या द्यायच्या. इतकी वर्षं परदेशात राहून आम्हाला हे एकच शस्त्र ठाऊक होतं.

तो शुक्रवार मला अजून लख्ख दिसतो. भर दुपार, बाहेर पांढरं ऊन, आणि आत लाकडी भिंतींवर बैलांची शिंगं. आमच्या बायका कांजीवरम नेसून आल्या होत्या, कारण हॉटेल पंचतारांकित. बुफेवर सगळीकडे मांस. आईनं राजम्यासारखं काही दिसतंय म्हणून वाढून घेतलं, अमेय ओरडला, "आई, डोन्ट, दॅट्स बीफ," आणि ताटली तशीच परत गेली. मग आमच्या टेबलांवर मक्याची कणसं, उकडलेले बटाटे आणि ढीगभर पाव. शेजारच्या टेबलावरचे टेक्सासवाले आमच्याकडे कौतुकानं बघत होते. कोपऱ्यात मॅनेजर उभा, हाताची घडी घालून.

वेंडल अंकलना मी पहिल्यांदाच खऱ्या ड्रमवर बघत होते. ते फार काही करत नव्हते. खांदे हलत नाहीत, चेहरा शांत, लिंडाच्या पाठीकडे नजर. ती श्वास घ्यायला थांबली की ते एक टोला गाळायचे, तिला जागा करून द्यायचे. चार-पाच गाणी अशी झाली. मी बटाटा हातात धरून बसले होते, खायचं विसरून. आई माझ्या कानात म्हणाली, "किती अदबीनं वाजवतात गं."

मग लिंडानं आगगाडीचं एक गाणं काढलं. त्यात ड्रमवर काठ्यांऐवजी तारांचे कुंचले असतात आणि गाडीसारखी खडखड सतत चालते. तो ठेका ऐकला आणि आमच्या तिन्ही टेबलांवर एकदम ओळख पटली. हे तर गुरुवारचंच. पेठेकाकांनी टाळी धरली, मग सगळ्यांनी. आई पुढं सरकून बसली. मी तिचा चेहरा बघितला आणि मला कळलं, आता ही चढवणार.

तिनं मुद्दाम केलं नाही हो. भजनात पस्तीस वर्षं गेलेल्या बाईला, भरल्या बैठकीत, दुसरं काही सुचतच नाही. तिची टाळी किंचित पुढं गेली, तिच्यामागं तीस माणसांची. लिंडानं चमकून बघितलं आणि हसली, बेनीची गिटार ओढली जाऊ लागली. मी वेंडल अंकलांकडे बघत होते. आता हे धरून ठेवणार, मला वाटलं, आणि सगळं फाटणार. त्यांनी आमच्या टेबलाकडे बघितलं, थेट आईकडे. एक क्षण. आणि मग ते निघाले. आईबरोबर निघाले. जन्मभर न पळलेला माणूस पळायला लागला. गाडी अशी काही सुटली की टेक्सासवाले खुर्च्यांवर चढले, वेटर थांबले, कुलकर्णीकाकू चक्क उभ्या राहिल्या. ते हसत होते. त्यांचे सगळे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

आणि त्या धावेत त्यांचं मनगट गेलं. उजव्या हातातला कुंचला निसटून खाली पडला. त्यांनी डाव्या हातानं आणि पायानं थोडं रेटलं, मग डावाही थांबला. पण टाळ्या थांबल्या नाहीत. शेवटचं ध्रुवपद लिंडानं आमच्या टाळ्यांवर म्हटलं आणि सगळा हॉल उठून उभा राहिला. आम्ही घरी आलो ते जिंकल्यासारखे. बाबांनी गाडीत भजन म्हटलं, बाबांनी.

रविवारी लिंडा आली, डोळे सुजलेले. मॅनेजरनं तिला सांगितलं होतं, लोक खूश झाले, फारच छान. पण ज्या वेळी हॉल सगळ्यात रंगला त्या वेळी तुमचा ड्रमर वाजवतच नव्हता. मग ड्रमर कशाला?

आईनं त्या दिवशी जेवण केलं नाही. बाबा म्हणाले, "दुसरीकडे मिळेल, इन्शाल्ला," आणि आपल्यालाच ते पटलं नाही म्हणून उठून एसीची जाळी साफ करायला लागले. संध्याकाळी वेंडल अंकल खाली आले. आई दारातच म्हणाली, "भाऊ, आम्ही तुमचं वाटोळं केलं. मी केलं. मला कुणी सांगितलं होतं पळायला?" तिला रडू आवरेना. मला भाषांतर करावं लागलं, आणि वाटोळं या शब्दाला मला इंग्रजी सापडेना. मी काहीतरी सांगितलं.

ते म्हणाले, पंचवीस वर्षांपूर्वी त्या स्टुडिओत तुझी आई हवी होती. तिला सांग, शुक्रवारची ती चार मिनिटं मी कशालाही देणार नाही. मी सांगितलं. आईला ते पटलं नाही. आजही मला खात्री नाही की त्यांचं ते पूर्ण खरं होतं. त्यांना वाजवायचं होतं, आणि आता वाजवता येणार नव्हतं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

पुढच्या गुरुवारी ते म्हणाले, उद्या जेवायला हॉटेलात जाऊया. आईनं कानावर हात ठेवले. मी पुन्हा त्या हॉटेलाची पायरी चढणार नाही, ती म्हणाली. ते म्हणाले, लिंडा पेटीबरोबर पहिल्यांदा गाणार आहे, तिला धास्ती बसलीय. ओळखीचे चार चेहरे समोर असू देत. त्यावर आई यायला तयार झाली. आम्ही चौघं, कुलकर्णीकाकू, पेठेकाका, आणि ते. इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून ते आमच्यामध्ये बसले, स्टेजकडे तोंड करून. मंचावर ड्रमच्या जागी एका खुर्चीवर ती काळी पेटी होती, तिच्यावर एक लाल दिवा.

लिंडा चांगली गायली, पण तिची पाठ ताठ होती. पेटी श्वासासाठी थांबत नव्हती. मग लोकांनीच आगगाडीचं गाणं मागितलं, गेल्या शुक्रवारची आठवण होती ना. तिनं नाइलाजानं बटण दाबलं. टेक्सासवाल्यांनी टाळ्या धरल्या, आमच्याकडे बघून खुणा केल्या, पेठेकाकांनी धरली, आणि आईचा हातही आपसूक उठला. पहिल्या कडव्यालाच टाळ्या पुढं गेल्या. पेटी आपली तिथंच. लिंडा मध्ये सापडली, एकीकडे माणसं, एकीकडे खडखड, तिचा शब्द चुकला, बेनी कुठं जावं ते न कळून वाजवायचाच थांबला. हॉलमध्ये कुणीतरी हसलं. कोपऱ्यात मॅनेजर होता. मला, खरं सांगते, आत कुठंतरी बरं वाटलं. पडू दे ती पेटी, मला वाटलं, कळू दे सगळ्यांना.

वेंडल अंकलांनी आपली ताटली बाजूला केली. पट्टी बांधलेला उजवा हात मांडीवर होता, त्यांनी डावा हात टेबलावर आपटला. पेटीच्या नेमक्या 'ना'वर. मग पुन्हा. ग्लास थरथरले. ते आईकडे बघत होते, चेहरा शांत, लिंडाच्या पाठीकडे बघायचे तसाच. आईची टाळी अडखळली. तिनं आपले हात थांबवले, त्यांचा हात बघितला, आणि त्यांच्यामागून, त्यांच्याच जागी टाळी दिली. तिला दुसऱ्याची लय धरताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग काकू, मग पेठेकाका, बाबा, मी. शेजारच्या टेबलाला ते कळलं, मग त्यापलीकडच्या. हळूहळू सगळा हॉल पेटीवर येऊन बसला. लिंडाला जमीन सापडली. बेनी परत शिरला, आणि गाणं, जसं व्हायला हवं तसं, साधं आणि नीट, शेवटापर्यंत गेलं.

टाळ्या झाल्या. लिंडानं घाम पुसला आणि रोजच्यासारखी सगळ्यांची ओळख करून द्यायला लागली. गिटारवर बेनी. बेसवर रिको. "अँड ऑन द ड्रम्स," ती सवयीनं म्हणाली, हात मागं केला, आणि तिथं पेटी होती. तिचं तोंड उघडंच राहिलं.

वेंडल अंकल आमच्या टेबलापाशी उठून उभे राहिले. शर्ट सारखा केला, आणि रोज वाकायचे तसे वाकले.